‘वेड’ हा एक रोग नव्हे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी व्याख्यानाला बहुधा बाहेरगावाहून कोणी विदुषी येतात. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, “सिस्टर, यंदा तुम्हीच बोला. इतकी वर्षे गावोगाव फिरलात, काही उपयोगाचे सांगा.” मी विषय सांगितला तेव्हा मात्र त्या क्षणभर गप्प झाल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी वेडाची चर्चा कशी करावी, असे त्यांच्या मनात आले असावे. मी त्यांना म्हटले, ज्या घरात हा प्रसंग येतो त्या घरची बाई हळूहळू हळदीकुंकवाला यायची बंद होते. तिच्यासाठीच हा विषय घेतला आहे.

प्रथमच सांगून टाकते की, मी डॉक्टर नाही. १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षे मी आरोग्य केंद्रांतून परिचारिका म्हणून काम केले. झरी, मुकुटबन, पाटण या भागातली गावे आणि कोलाम पोड पायी फिरले, जीपने फिरले. बाळंतपणे केली, लसी टोचल्या, हिवतापासाठी रक्ताचे नमुने घेतले. मनाच्या आजारांचे शिक्षण मला फारसे मिळालेले नव्हते. जे कळले ते काही पुस्तकांतून, काही डॉक्टरांकडून आणि सर्वांत अधिक माझ्या स्वतःच्या घरातून, तेही एका मोठ्या चुकीनंतर. ती चूक आज मी आपणा सर्वांसमोर सांगणार आहे. पण आधी विषय थोडा समजून घेऊ, म्हणजे चूक कोठे झाली ते आपल्या ध्यानात येईल.

आपल्याकडे या सगळ्याला शब्द एकच आहे, वेड. कोणी ‘डोकं फिरलं’ म्हणते, कोणी ‘बाहेरचं लागलं’ म्हणते, एवढाच फरक. उपायही ठरलेला. आधी मांत्रिक, आणि तो हरला की नागपूर. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालापासूनचे आहे. इतक्या वर्षांत तेथून बरे होऊन घरी परतलेली माणसे किती तरी असतील; परंतु ‘याला नागपूरला पाठवा’ हे वाक्य आपण अजून शिवीसारखे वापरतो, आणि तेथला चौक लोकांच्या तोंडी पागलखाना चौक म्हणूनच आहे.

आता तापाचे उदाहरण घ्या. आपल्या आजीच्या काळी ताप हा एकच रोग होता. आज मात्र शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा विचारते, “सिस्टर, हिवताप आहे का टायफॉइड?” कारण दोहोंचे औषध वेगळे, दिवस वेगळे, पथ्य वेगळे हे तिला ठाऊक आहे. मनाच्या आजाराबाबत हा प्रश्न आपण अजून विचारीत नाही. तो विचारावयास शिकणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

या आजारांत समान काय ते प्रथम पाहू. पुस्तकात यांना चित्तविकृती म्हणतात. त्यांत माणसाची खऱ्याखोट्याची पारख सुटते. कोणी नसता आवाज ऐकू येतात, नसलेली माणसे दिसतात. हा झाला भास. दुसरा भ्रम, म्हणजे खोटी पण पक्की समजूत. शेजारीण माझ्या पाण्यात विष कालवते, टीव्हीवर माझ्याविषयीच बोलतात, अशी ती समजूत असते. तिला पुरावा लागत नाही आणि कितीही समजावले तरी ती हलत नाही. याशिवाय कोणाच्या बोलण्याचा धागा तुटतो, एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ राहत नाही. कोणी तासन्‌तास एकाच जागी दगडासारखे बसून राहते. नुसती काळजी, चिडचिड किंवा रडू येणे म्हणजे चित्तविकृती नव्हे. त्यात आपले काही बिघडले आहे, हे माणसाला स्वतःला कळत असते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. यात्रेत किंवा नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येते. घटकाभराने ती भानावर येते, दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जाते, आणि भोवतालचे सर्वजण ते आपल्या रीतीतलेच समजतात. एवढ्यावरून तिला आजारी ठरवू नये. पोडावरच्या रीतींविषयी तर बाहेरच्या माणसाने फारच जपून बोलावे. परंतु जे ठरल्या वेळी येत नाही आणि ठरल्या वेळी जात नाही, ज्याने झोप, जेवण आणि काम सुटते, ते देवाच्या माथी मारू नये.

आता त्यांच्यातले वेगळेपण. पहिला प्रश्न नेहमी शरीराचा विचारावा. १९९७ च्या पावसाळ्यात एका गावाहून मला सांगावा आला की, एका म्हाताऱ्याला भूत लागले आहे. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेला माणूस रात्रीपासून बरळत होता, अंगावरचे कपडे फेडीत होता, पोटच्या लेकाला ओळखीत नव्हता. उतारा टाकायला कोंबडा आणून ठेवलेला होता. मी अंगाला हात लावला तर चटका बसला. आपल्या जुन्या बायका ज्याला ‘तापात वात झाला’ म्हणत, तो हा प्रकार. हिवताप मेंदूपर्यंत पोचला होता. त्याच रात्री जीपमधून हलविले म्हणून ते वाचले.

याची खूण लक्षात ठेवा. हा प्रकार काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवतो, मधूनमधून कमीजास्त होतो, रात्री वाढतो, आणि आपण कोठे आहोत, दिवस आहे की रात्र हेच माणसाला कळेनासे होते. पुढे ज्या आजारांविषयी मी बोलणार आहे त्यांत एवढे भान बहुधा शाबूत असते. हिवताप, मेंदूज्वर, डोक्याला मार, रक्तातली साखर उतरणे, म्हातारपणी साधा लघवीचा जंतुसंसर्ग, यांतून कशानेही असे होऊ शकते. असा रोगी आधी जवळच्या दवाखान्यात न्यावयाचा, आणि तोही त्याच घटकेला.

दुसरा प्रश्न नशेचा. रोज पिणारा माणूस एकाएकी दारू सोडतो, श्रावण लागला म्हणून किंवा पाय मोडून अंथरुणाला खिळला म्हणून. दोनतीन दिवसांनी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, अंगावर मुंग्या आणि भिंतीवर साप दिसू लागतात. घरचे म्हणतात, दारू सोडली तर वेड लागले. ही स्थिती जिवावर बेतणारी आहे आणि दवाखान्यात तिच्यावर चांगला इलाज आहे. गांजानेही भास आणि भ्रम होतात. कोवळ्या वयात तो फार ओढणाऱ्यांना पुढे मोठा मनोविकार जडण्याचा धोका वाढतो, हे मुलांच्या आयांनी ध्यानात ठेवावे.

शरीर आणि नशा ही दोन कारणे बाजूला पडली, की मग खास मनाच्या आजारांचा विचार करावयाचा. त्यांत सर्वांत अधिक बोलले जाते ते स्किझोफ्रेनियाविषयी. मराठी पुस्तकांत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या तालुक्यात तो नाही असे होणार नाही. हा बहुधा तरुणपणी आणि बहुधा हळूहळू येतो. एका विद्यार्थ्याचे पाहा. वर्षभर त्याची आई सांगत होती, “पोरगा आळशी झाला, आंघोळसुद्धा करत नाही, दोस्तांत जात नाही.” मग तो एकटाच हसू लागला. पुढे कळले की, दोन आवाज त्याच्याविषयी आपसात बोलत, तो काय करतो त्याचे वर्णन करीत. आवाज हा आजाराचा ठळक भाग. पण उत्साह आटणे, चेहऱ्यावरचे भाव जाणे, बोलणे खुंटणे हाही आजाराचाच भाग आहे, आणि त्याबद्दल बिचाऱ्यांना बोलणी खावी लागतात. निदानासाठी अशी लक्षणे निदान महिनाभर टिकलेली असावी लागतात. काही ठिकाणच्या नियमांत एकूण सहा महिने धरतात.

या शब्दामुळे एक गैरसमज झाला आहे. स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव दिले. त्याचा अर्थ दुभंगलेले मन असा असल्यामुळे लोकांना वाटते की, एका देहात दोन माणसे राहतात. तसे काही नसते. विचार, भावना आणि वागणे यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा मोठा आजार म्हणजे ज्यात मन आधी चढते आणि पुढे उतरते. चढलेल्या काळाला उन्माद म्हणतात, आणि संपूर्ण आजाराला हल्ली बायपोलर म्हणतात. उन्मादात माणूस दोनतीन तास झोपूनही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, पैसे उधळतो, मोठमोठे बेत करतो. तो वाढला की भ्रमही होतात, पण ते मनाच्या रंगाचेच असतात. मी देवीचा अवतार आहे, मला सरकारने बोलावले आहे, अशा तऱ्हेचे. उतरलेल्या काळात उलट. माझ्यामुळे घर बुडाले, माझे आतडे सडले, मला जगण्याचा अधिकार नाही, असे माणूस खात्रीने सांगतो. असे बोलणारा माणूस घरात असेल तर त्याला एकटे सोडू नये, आणि शेतीची औषधे त्याच दिवशी कुलपात जावीत. या आजाराची मुख्य खूण अशी की, दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस पुष्कळदा अगदी पूर्वीसारखा असतो.

तिसरा प्रकार बायकांना फार सोसावा लागतो. आपण त्याला संशयपिशाच्च म्हणतो. दुकान नीट चालते, हिशेब चोख असतो, बोलणे सुसंगत असते. पण बायको बदफैली आहे ही एकच समजूत डोक्यात महिनोन्‌महिने रुतून बसलेली असते. प्रत्येक संशयी नवरा आजारी नसतो, काही नुसते दुष्टही असतात. परंतु आजार असेल तर तो नुसत्या शपथांनी जात नाही, आणि त्या बाईच्या जिवाला धोका असतो. तिने आधी स्वतःच्या सुरक्षिततेची तजवीज करावी.

चौथा प्रकार अल्पकाळचा. एखाद्या मोठ्या आघातानंतर, किंवा काही कारण नसतानाही, माणूस एकाएकी भ्रमिष्ट होतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण बरा होतो. नेमक्या अशाच वेळी मांत्रिकाची कीर्ती वाढते! आणि काही रोग्यांत छिन्नमनस्कता व मनाचा चढउतार ही दोन्ही एकत्र दिसतात, त्यांचे नाव आणखी वेगळे. म्हणजे पाहा, एका ‘वेड’ या शब्दाखाली किती निरनिराळी माणसे आपण कोंबली आहेत.

आता माझ्या घरातली हकीकत. ही सांगण्यापूर्वी मी माझ्या धाकट्या जावेची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, “सांगा ताई, पण मागच्यासारखं अर्धं नका सांगू.” तेव्हा पूर्ण सांगते.

२००४ साली तिचे दुसरे बाळंतपण झाले. मुलगा झाला. नवव्या दिवसापासून तिची झोप गेली. ती बाळाकडे टक लावून पाही आणि म्हणे, “हा माझा नाही, दवाखान्यात बदलला.” विहिरीतून कोणी आपल्याला हाक मारते, असेही ती सांगू लागली. हजार बाळंतिणींमागे एकदोघींना असा आजार होतो आणि त्यात आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो, हे मला माहीत असावयास हवे होते. मी रात्री बाळाला माझ्याजवळ घेऊन निजू लागले, एवढेच केले. तीन आठवडे मांत्रिकाकडे गेले. तेथे मिरच्यांची धुरी झाली, कडुनिंबाच्या फोकांचा मार झाला. मी परिचारिका, सरकारी नोकरीतली, आणि मी पडवीत उभी राहून ते पाहिले.

शेवटी तिला नागपूरला एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी शांतपणे सर्व विचारले आणि शेवटी म्हणाले, “यापूर्वी हिला कधी असे काही झाले होते का? झोप नाही, फार बोलणे, फार खर्च, फार आनंद?” सासूबाई लगेच म्हणाल्या, “नाही जी, कधीच नाही. सोन्यासारखी पोर होती.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मीही म्हटले, “नाही.”

ते खोटे होते. २००१ साली, दिवाळीच्या सुमारास, पाच आठवडे ती जवळजवळ झोपली नव्हती. रात्री दोनला अंगण सारवी, गाणी म्हणे. वणीच्या बाजारातून उधारीवर अकरा लुगडी आणून तिने मजूर बायांना वाटली, आपल्या पायांतल्या तोरड्या काढून दिल्या. महिन्यादीड महिन्याने ती आपोआप शांत झाली. आम्ही म्हटले, नजर लागली होती. आणि २००४ साली नेमके त्याच महिन्यात आमच्या नणंदेचे लग्न ठरत होते. ‘यांच्या घरात वेड आहे’ असे पाहुण्यांच्या कानी गेले तर सोयरीक मोडेल, अशी सासूबाईंना धास्ती होती. वाटेत एसटीत त्या माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या, “लोकं काय म्हनतीन? तू काही बोलू नको.” मी बोलले नाही.

डॉक्टरांनी मिळालेल्या हकीकतीवरून जे निदान करता येण्याजोगे होते ते केले. औषधाने आवाज थांबले. पुढे कधी गोळ्या चालत, कधी बंद होत, भ्रम पुन्हा येत, आणि कागदावर स्किझोफ्रेनिया असे नाव लिहिले गेले. २००६ साली ती पुन्हा चढली आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले. त्यानंतर २००७ मध्ये, नणंदेचे लग्न होऊन दोन वर्षे झाल्यावर, मी एकटी नागपूरला गेले आणि २००१ ची ती दिवाळी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, “सिस्टर, हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर मी वेगळा विचार केला असता.” रागाने म्हणाले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

निदान बदलले. बायपोलर ठरले, लिथियम सुरू झाले. ते घेताना रक्तातले प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंडे वेळोवेळी तपासावी लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर फारच सांभाळावे लागते. घाम गेला, जुलाब झाले, पाणी व मीठ कमी पडले, की लिथियम रक्तात वाढते. हात फार थरथरतात, तोल जातो, उलट्या होतात. असे झाले की लगेच डॉक्टर गाठावा, वाट पाहू नये. तेव्हापासून तिला एकदाच, २०१३ साली, थोडा त्रास झाला. तोही ‘आता बरी आहे’ म्हणून आमच्याच घरातल्यांनी गोळ्या बंद करविल्या तेव्हा. आज ती बचत गटाचे हिशेब लिहिते आणि तिच्या वहीत एक पैशाची चूक सापडत नाही.

पण गेलेली तीन वर्षे गेलीच. त्या तीन वर्षांत तिचा मुलगा माझ्याजवळ वाढला. तो बोलू लागला तेव्हा पहिल्यांदा ‘आई’ म्हणाला ते मला. ती दारात उभी होती. भगिनींनो, तो शब्द माझा नव्हता. माझ्या एका ‘नाही’मुळे तो तिच्याकडे पोचायला उशीर झाला.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टरांना रक्त तपासून कळले नसते का? नाही. रक्ताच्या आणि मेंदूच्या तपासण्या करतात त्या शरीराचे दुसरे आजार वगळण्यासाठी. स्किझोफ्रेनिया की बायपोलर, हे सांगणारी रक्ताची तपासणी अजूनही नाही. हे दोन आजार प्रथम ठामपणे वेगळे केले ते जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी, १८९९ साली. ते प्रत्येक रोग्याची हकीकत एकेका कार्डावर लिहून ठेवीत, पुढे त्याचे काय झाले तेही नोंदवीत, आणि ती कार्डे जुळवून पाहत. एका दिवशी रोगी कसा दिसतो एवढ्यावर न विसंबता, आजार कसा आला, कसा गेला, पुन्हा आला का, यावरून त्यांनी भेद केला. ज्या गोष्टीसाठी त्यांना कार्डे लिहावी लागली, ती आपल्या घरात थोरल्या बाईला तोंडपाठ असते. मात्र ती सांगत नाही.

मोठमोठ्या डॉक्टरांचेही येथे एकमत होत नसे. १९६० नंतरच्या काळात न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णांची एकाच पद्धतीने पाहणी झाली, तिचा अहवाल १९७२ साली आला. ज्यांना न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत, त्यांपैकी पुष्कळांना लंडनचे डॉक्टर उन्माद-अवसादाचे रोगी मानीत, असे आढळले. त्यानंतर लक्षणांचे आणि दिवसांचे नियम अधिक काटेकोर झाले. निदान मागाहून बदलले म्हणजे डॉक्टर लबाड, असे म्हणून दुसरा डॉक्टर शोधीत फिरू नये. काळ गेला, नवी हकीकत कळली, की निदान बदलू शकते.

औषधांविषयी भीती आहे, म्हणून थोडे सांगते. आपल्याच देशातल्या सर्पगंधेच्या मुळीवर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन वैद्यांनी १९३१ साली लेख लिहून तिचा वेडावर व रक्तदाबावर होणारा गुण जगापुढे मांडला. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखविला, आणि १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध चित्तविकृतीवर वापरात आले. त्यानंतर अनेक औषधे निघाली. त्यांनी वजन वाढते, सुस्ती येते, काहींनी हातपाय आखडतात. हे डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. न सांगता गोळ्या खिडकीतून टाकू नयेत, आणि कोणाच्या नकळत पोळीतही घालू नयेत. एकदा ते उघडकीस आले की, ‘हे मला विष घालतात’ हा भ्रम खराच ठरतो.

लपविण्याच्या उलट मार्गाने गेलेले एक मराठी गृहस्थ मला नेहमी आठवतात. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्यांनी तो दडवला नाही. अशा रोग्यांच्या नातलगांसाठी तिकडे काम केले आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपटही त्यांच्या पुढाकारातून निघाला. त्यात आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. वाणी २०१७ साली वारले. मी तो चित्रपट फार उशिरा पाहिला. तो निघाला त्याच वर्षी मी नागपुरात ‘नाही’ म्हणाले होते.

आता कायद्याचे दोन शब्द. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. बांधलेल्या माणसाला पळता येत नाही, इतकी साधी गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे. २००४ साली हा कायदा नव्हता. परंतु मला तोंड होते.

शेवटी एक विनंती. प्रत्येकीने घरात एक वही ठेवावी, आणि असा प्रसंग आला तर त्यात सहा गोष्टी लिहाव्यात. हे केव्हा सुरू झाले, एकाएकी की हळूहळू? ताप, मार, फिट, दारू, गांजा, नवे औषध किंवा बाळंतपण यांपैकी काही होते का? झोप किती तास? मन चढलेले आहे की उतरलेले, की दोन्ही नाही? दिवस, जागा आणि माणसे ओळखता येतात का? आणि यापूर्वी, या व्यक्तीला किंवा माहेरच्या-सासरच्या नात्यात कोणाला, असे कधी झाले होते का? ही वही घेऊन दवाखान्यात जावे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, तेथे फोन करून विनामूल्य सल्ला घेता येतो. तोवर रोग्याशी वाद घालू नये आणि त्याच्या भ्रमाला होकारही देऊ नये. “मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटते आहे हे मला दिसते,” एवढे म्हणावे आणि जवळ बसावे.

आजाराचे नाव ठरविणे हे डॉक्टरांचे काम. हकीकत सांगणे हे आपले काम, आणि ती अर्धी सांगू नये. ज्या घरी असा प्रसंग आला आहे, त्या घरच्या बाईला पुढच्या हळदीकुंकवाचे बोलावणे मी स्वतः करणार आहे. माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊही येईल. आपणही आपापल्या आळीत तसे करावे, एवढे बोलून मी आपली रजा घेते.